शांता, रोहिणी नक्षत्र

शुक्र., २८ मार्च

सकाळी भजनाचे टाळ घासले, चिंच लावून. दुपारी जेवताना टीव्हीवर पट्टी: ब्रह्मदेशात मोठा भूकंप. मंडाले, सगाइंग. मी ताक वाढून घेतलं, आणि मग लक्षात आलं, सगाइंग म्हणजे शांता, रंगूनअक्काची थोरली बहीण.

रंगूनअक्काला सांगायला गेले. तीन घरं पलीकडे, तिच्याकडे टीव्ही नाही. ही बाई जन्मली मंडालेत, रंगूनला फक्त बोटीत बसायला गेली, तरी कुंभकोणमजवळचं हे सगळं मेलकावेरी तिला साठ वर्षं रंगूनअक्काच म्हणतं. खरं नाव तुळसा. गच्चीत पापड घालत होती. म्हटलं, तिकडे भूकंप झालाय.

"अक्का हाय त्या बाजूस?"

म्हटलं, तीच बाजू.

उरलेले पापड तिने एकेक करून घातले. सगळे घालून झाल्यावर खाली बसली.

शांताच्या नातीला, खिनला, फोन लावला. लागत नाही. संध्याकाळपर्यंत लावत होते.

सहाला भजन नेहमीप्रमाणे. शेवटी अण्णांनी, माझ्या थोरल्या भावाने, तिकडच्या लोकांसाठी थोडं नाम घ्यायला सांगितलं. सगळ्यांनी घेतलं. मीही. माझं लक्ष टाळांकडे होतं, एक जोड चुकत होता.

शनि., २९ मार्च

फोन नाही. इंटरनेटही नाही.

एक रविवार सोडून एक रविवार दुपारी तीनला या बहिणींचा व्हिडिओ कॉल मी लावून देते. रं.ला फोनचं काही येत नाही, आणि माझी चौतीस वर्षं पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये गेली. लाइन जोडायची आणि बोलणं सुरू झालं की कानावरचं काढायचं, ही सवय अजून आहे. तरी कानावर पडतंच. दोघी काय बोलतात, तर काय जेवलीस, गुडघा कसा आहे. शांता ऐंशीच्या पुढे. नवरा गेल्यापासून सगाइंगला बायकांच्या मठात राहते. मुंडण, गुलाबी वस्त्र, समोरचे दोन दात नाहीत. बर्मी बाईच दिसते. तोंड उघडलं की आमच्या आजीची मराठी. तिकडे ती समजणारं कुणी नाही. ती दोन आठवड्यांतून एकदाच वापरते, त्यामुळे जशीच्या तशी राहिली असावी.

मागच्या कॉलला भोपळ्याच्या भाजीवर बोलत होत्या.

रवि., ३० मार्च. युगादी

कडुनिंबाची फुलं, गूळ. जेवण जड झालं.

अण्णांनी ठरवलं, येत्या शुक्रवारचं भजन सबंध ब्रह्मदेशासाठी. आमच्या घराची पुढची खोली हाच भजनाचा मठ. अण्णा चालवतात, वही मी ठेवते. वहीच्या पुढच्या अर्ध्या भागात जिवंत माणसं: नाव, नक्षत्र, गोत्र. भजनाच्या आधी त्यांच्या क्षेमाचा संकल्प. मागच्या अर्ध्यात गेलेली: नाव आणि तिथी. ती आरतीच्या आधी, ज्या आठवड्यात ज्याची येईल त्याची. या गावात असंच आहे. माणूस असेपर्यंत त्याला नक्षत्र, गेल्यावर तिथी. वाढदिवस तारखेने करते म्हणून पुण्याहून आल्यावर मला हसले होते.

अण्णांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबली आहे. दर शुक्रवारी त्या दिवसाची नावं मी जाड पेनाने मोठ्या अक्षरात कागदावर काढून देते.

आता ब्रह्मदेशाचं नक्षत्र काय लिहायचं? अण्णा म्हणाले, नक्षत्र राहू दे. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप लावतात, तसं लाव. लावलं. सबंध देशाला काश्यप गोत्र. एका ओळीत काम झालं.

एक्स्चेंजमध्ये दोन तऱ्हेचे कॉल असत. साधा, म्हणजे पलीकडे जो उचलेल त्याच्याशी बोला. आणि पी.पी., म्हणजे अमुकच माणूस हवा, तो येईपर्यंत कॉल झाला असं धरायचं नाही. अण्णांचा हा साधा कॉल.

मंगळ., १ एप्रिल

रं. आली. ओसरीवर बसली, कॉफी नको म्हणाली. मग म्हणाली, "इंदू, शुक्रवारीं लोकं लोकं मणून सांगटाल तुम्ही. माझी अक्का लोकं नव्हे गे. तिचें नांव सांगा. जीव हाय तेथपर्यंत एकदां तरी तिचें नांव ह्या खोलीत ऐकूं दे."

एवढंच मागणं. मला त्यात काही अवघड दिसलं नाही. म्हटलं, नक्षत्र?

ठाऊक नाही. वडिलांनी पत्रिका जाळली. खिनला विचारलं होतं कधीतरी, ती म्हणाली आजी मंगळवारची. तिकडे तेवढं पुरतं. देवळात ज्याचा जो वार, त्या वाराच्या खांबाशी पाणी ओततात.

मग रं.ला आठवलं, आई म्हणायची, कार्तिकातल्या मोठ्या दिव्याच्या दुसऱ्या दिवशी झाली, पणत्यांचं तेल अजून पुसायचं होतं. मोठा दिवा हा सण कृत्तिका नक्षत्रावर. दुसऱ्या दिवशी रोहिणी. झालं.

गोत्र? नवऱ्याला गोत्र नव्हतं. काश्यप लावू का म्हटलं.

"बापाचें लिही. भारद्वाज. तेनें सोडलें, मी सोडलें नाहीं."

काय सोडलं ते मी विचारलं नाही.

बुध., २ एप्रिल

वहीत शांताला लिहायला बसले. मागची किती पानं शिल्लक आहेत ते बघावं म्हणून उलटी उघडली. गेलेल्यांच्या यादीत तिसऱ्या पानावर: शांता, चैत्र वद्य पंचमी.

वही मुळात रं.च्या वडिलांची, रघुनाथ भागवतरांची. अण्णांना सगळी भजनं त्यांनीच शिकवली, आणि जाताना टाळ नि वही दिली. अक्षर त्यांचंच. मला वाटलं दुसरी कुणी शांता. जाऊन विचारलं.

दुसरी नाही.

शांताने तिकडच्या माणसाशी लग्न केलं आणि तिकडेच राहिली. बाकीचे बोटीने आले. कुंभकोणमला पोचल्यावर आठ दिवसांत भागवतर अकरा वर्षांच्या तुळसाला घेऊन कावेरीवर गेले आणि थोरलीच्या नावानं आंघोळ करून आले. नदीला पाणी गुडघाभर. बसून डोकं भिजवावं लागलं. "मी कोरडें धोतर धरून उभी होतें," रं. म्हणाली. त्या दिवसाची तिथी त्यांनी वहीत लिहिली. दर वर्षी ती वाचली जाते. मी वही ठेवायला लागल्यापासून मीच ती आठ वेळा काढून दिली असणार. कोण शांता, हा प्रश्न मला पडला नव्हता.

वडिलांनी मरताना रं.कडून वचन घेतलं, तिथीला गाईला अगत्तीचा पाला घालायचा. अगत्ती म्हणजे पुण्यातला हादगा. ती घालते. सकाळी मेलेल्या बहिणीच्या नावानं गाईला पाला, दुपारी त्याच बहिणीला पत्र. अलीकडे व्हिडिओ कॉल.

म्हटलं, शांताला ठाऊक आहे?

"सांगटलेंय कीं. हासते. माझ्या वांट्याचें गाय खाते, मीं उपाशी, मणते."

गुरु., ३ एप्रिल

अण्णांना सांगितलं. उठून दार लोटलं आणि म्हणाले, होणार नाही.

"भागवतरांनीं पाणी सोडलेंय. तेंनीं ती गेली मणून लिहिलें. मी ती हाय मणून कसें वाचूं?"

म्हटलं, पण ती आहे. मी बोलले आहे तिच्याशी.

"तूं बोललीस. वहीशीं तुझें बोलणें लावूं नको."

म्हटलं, ओळख ना पाळख अशा सबंध देशाला गोत्र दिलंत, एका म्हातारीला द्यायला काय जातं? त्यावर म्हणाले, पुण्यास राहून तुला सगळं सोपं वाटतं. पुण्यात माझ्या मराठीला हसायचे, इथे माझ्या पुण्याला हसतात. सोडून दिलं.

अण्णा दुष्ट नाहीत. त्यांना जे काही येतं ते त्या एका माणसाने दिलेलं आहे, आणि त्यातली एक ओळ खोटी म्हणायची त्यांची तयारी नाही. मला हे समजतं. रं.चंही समजतं. दोन्ही समजून उपयोग काही होत नाही.

शुक्र., ४ एप्रिल

दु. २.१० ला खिनचा संदेश. आम्ही रस्त्यावर झोपतो, घराला भेगा, मी ठीक. आजीचं माहीत नाही. सगाइंगचा पूल पडला, पलीकडे जाता येत नाही.

रं.ला वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला सांगितला. पुन्हा वाचला.

संध्याकाळी ब्रह्मदेशासाठी भजन. खोली भरली, चोळपुरमहूनही माणसं आली होती. अण्णांचा आवाज लागला होता, सुंदर झालं असं सगळे म्हणाले. दोघी बायका रडल्या. रं. तिसऱ्या रांगेत बसली होती. ती रडली नाही, टाळही वाजवला नाही. ज्या देशासाठी सगळे गात होते त्या देशात आपलं माणूस असलेली ती एकटीच.

रवि., ६ एप्रिल. रामनवमी

लिहायला नको वाटतं, तरी लिहिते.

आजच्या रामनवमीच्या भजनाला संकल्पाच्या कागदावर मी शांताचं नाव घातलं. अण्णांना न सांगता, मधोमध, नेहमीच्या जाड अक्षरात. वाचण्याच्या ओघात निघून जाईल असा माझा हिशोब. एकदा उच्चारलं की झालं, परत घेता येत नाही.

अण्णा त्या ओळीशी थांबले. खोकले. पाणी मागितलं, प्याले, आणि पुढच्या नावापासून सुरू केलं.

गावात बहुतेकांना कळलं नसेल. रं.ला कळलं. मी तिला दुपारीच सांगून ठेवलं होतं, आज ऐक म्हणून. ती उठली, गुळाचं पानक न घेता गेली. चप्पल घालताना तोल गेला, खांब धरला.

तिने एक गोष्ट मागितली होती, ती मी अशी करून दिली. मला वाईट वाटलं. मला सहसा वाटत नाही म्हणून नोंद.

मंगळ., ८ एप्रिल. एकादशी

अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांच्याशी बोलत नाही. कॉफी वेळेवर होते.

रं. एकादशीला आली नाही. घरी गेले तर दार उघडलं, आत बोलावलं नाही. म्हणाली, "राहूं दे गे. फोन लागला तर तेवढें सांग."

फोन: खिनचा वाजतो, ती उचलत नाही.

शुक्र., ११ एप्रिल

खिन कशीबशी नदीपलीकडे जाऊन आली. बोलली, इंग्रजीत, घाईत. मठाची एक बाजू पूर्ण बसली. ढिगाऱ्यात ज्या सापडल्या त्यांच्यात आजी नाही. तंबूत आहेत त्यांच्यातही नाही. काही म्हाताऱ्यांना ट्रकमधून दुसऱ्या गावी नेलं, कोणत्या ते एक जण एक सांगतो, दुसरा दुसरं. यादी कुणी केली नाही.

यादी केली नाही, याचा मला राग आला. माझ्याच्याने बसवेना. स्वयंपाकघरातले डबे उतरवून पुसले. नावं लिहून घ्यायला असा किती वेळ लागतो?

रं.ला जसंच्या तसं सांगितलं. मधलं काही गाळलं नाही, आपलं काही घातलं नाही. तिने विचारलं, "मेली मणून कोणी सांगटलें नाहीं नव्हे?" म्हटलं, नाही. "जिवंत मणून?" म्हटलं, तेही नाही.

"सरी," म्हणाली, म्हणजे बरं.

भजनाला आली नाही. अण्णांनी तिसऱ्या रांगेकडे दोनदा बघितलं. मी बघितलं त्यांना बघताना.

सोम., १४ एप्रिल

तमिळ वर्षप्रतिपदा. आंब्याची पच्चडी. खिनने लिहिलं, त्यांचंही नवं वर्ष याच दिवसांत, एरवी एकमेकांवर पाणी उडवतात. यंदा पाण्याच्या रांगेत उभी आहे. तीन गावांत विचारून आली. आजीचा पत्ता नाही. आता मंगळवारच्या खांबाला पाणी घालून येते, म्हणाली.

मी मनात म्हटलं, घाल.

बसल्या बसल्या हात जोडले गेले. कुणी बघत नव्हतं. काय मागायचं ते मला जमेना, म्हणून नुसतं नाव, नक्षत्र, गोत्र म्हटलं. दोनदा. लाइन लागली की नाही ते कळायची यात सोय नाही.

गुरु., १७ एप्रिल

उद्याच्या भजनाच्या नोंदी काढायला वही उघडली. उद्या चैत्र वद्य पंचमी. विसरले होते. खरं म्हणजे विसरले नव्हते.

नियमाप्रमाणे उद्या आरतीच्या आधी गेलेल्यांत शांताचं नाव वाचायचं. कागद मीच काढणार. अण्णांना म्हटलं, उद्या तुमच्या भागवतरांची शांता आहे, लिहू? अकरा दिवसांतलं हे माझं पहिलं वाक्य.

ते वाती वळत होते. वळत राहिले.

शुक्र., १८ एप्रिल

सकाळी आठला रं.कडे. अगत्तीची जुडी पायरीवर, ती दारात उभी. सवयीने घेतली, म्हणाली. समोरच्यांची गाय येऊन थांबली होती. तिला दर वर्षीचं माहीत असावं, किंवा नुसता पाला दिसला असावा.

"इंदू, घालूं का नको?"

म्हटलं, वचन आहे ना तुझं.

"इतकीं वर्षें घाटलें गे. ती हाय मणून ठाऊक होतें, तेणेंच घाटलें. लटकें होतें, हात वळत होता. आतां घाटलें आणि तें खरें असलें तर? मीच मारल्यापरी होईल कीं."

मी तिचा हात धरला. मी लोकांचे हात धरणाऱ्यांतली नाही.

गाईला दोन केळी दिली. पाला निवडला, दोघींनी मिळून, ओसरीवर बसून. मुगाची डाळ आणि खोबरं घालून भाजी केली. अगत्तीची भाजी इथे द्वादशीला करतात, उपास सोडायला. पंचमीला कुणी करत नाही. कडू झाली. दोघी जेवलो. "अक्काच्या वांट्याचें मीं खाल्लें, सांगेन तिला," म्हणाली आणि रडली. साठ वर्षांचं असावं. बराच वेळ रडली. मी बसून राहिले. नंतर ताट घासलं.

दुपारी घरी येऊन कागद काढला. गेलेल्यांत काही लिहिलं नाही, जागा कोरी ठेवली. क्षेमाच्या यादीत सगळी नावं नेहमीच्या जाड अक्षरात. शेवटी, अगदी तळाशी, साध्या पेनाने बारीक: शांता, रोहिणी, भारद्वाज. अण्णांना दिसणार नाही इतकं बारीक. वाचलं जाणार नाही हे धरूनच लिहिलं. कागदावर तरी असावं. मला एवढंच धैर्य.

चारला अण्णा कागद घेऊन ओसरीवर बसले. चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. कागद डोळ्यांपाशी नेला, उजेडाकडे वळले. मी आतून बघत होते.

मग हाक मारली. बारा दिवसांत पहिल्यांदा माझं नाव घेऊन.

"इंदू, ही खालची ओळ मला दिसेना. मोठ्या अक्षरांत करून दे."

पावणेपाच. रं.ला निरोप धाडला आहे, सहाला ये म्हणून. येईल की नाही माहीत नाही. खिनला फोन लावला, वाजतोय. जाड पेन सापडत नाही, इथेच ठेवलं होतं.